चहा आणणारी लास

वैशाख लागला की मढच्या बाजूने हिरड्याची पोती जुन्नरला यायला लागतात आणि माझं डोकं फिरतं. आमच्या दुकानामागच्या पडवीत माल उतरतो. पिकअपवाले नाना "वयनी, यंदा माल लई ब्येस हाय, बघा तरी," म्हणत एका पोत्याची शिवण उसवतात आणि तो वास येतो. तुरट, कोरडा, कातळावर आठवडाभर भाजलेल्या उन्हाचा. लोकांना वासांवरून आई आठवते, शाळा आठवते. मला एक गोरी बाई आठवते आणि तिचं काहीतरी वाकडं करावंसं वाटतं.

आमचे हे म्हणतात, "अगं, किती वर्षं झाली. सोड ना आता." हे स्वभावाने थंड. एखादा ओला माल गळ्यात मारून गेला तरी "जाऊ दे, त्याचं त्याच्यापाशी" म्हणणारे. मी सुंभ जळाला तरी पीळ न सोडणाऱ्यांतली. डूख धरण्याच्या बाबतीत साप माझ्यापेक्षा बरा, तो निदान वर्षाकाठी कात तरी टाकतो.

त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही. मला ते चांगलं ठाऊक आहे, स्पेलिंगसकट. पण तिने माझं लिहिलं नाही, मी तिचं लिहीत नाही. डोंगरावरच्या आहुपे गावात सगळे तिला मॅडम म्हणायचे, मीही तेच म्हणते.

माझं माहेर घोडेगावचं. आम्ही मारवाडी जैन. पणजोबा कधीतरी राजस्थानातून लोटा घेऊन आले म्हणतात. आता घरात मारवाडी उरली आहे ती फक्त एकमेकांवर रागावण्यापुरती, बाकी सगळं मराठीत. बाबूजींचं किराण्याचं दुकान होतं, आणि हिरड्याच्या दिवसांत ते वर आहुप्याला मुक्काम टाकून माल घ्यायचे. हौसाबाई नावाच्या बाईची पडवी दर हंगामात आमची असायची. आढ्याला काटा टांगलेला, खाली पोती, आणि बाबूजी एकेक हिरडा दातांनी फोडून बघत बसलेले. संध्याकाळपर्यंत त्यांची जीभ काळी व्हायची. मंचरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी त्या वर्षी त्यांच्यासोबत वर गेले होते, केवळ घरात उकडत होतं म्हणून.

त्या दिवसांतलं आहुपे अजून डोळ्यांपुढे आहे. सकाळी माणसं लांब काठ्या घेऊन हिरड्याच्या झाडांवर चढलेली, खाली बायका पदर खोचून वेचताहेत, वरून टपटप टपटप बाळहिरडा पडतोय. कातळभर पसरलेला तो हिरवा माल दिवसागणिक काळा पडत जायचा. पूर्ण वाळला की पायाने सारताना खुळखुळ वाजायचा. दुपारी करवंदांच्या जाळीत हात ओरबाडून घ्यायचे. उन्हं कलली की कड्याच्या टोकाशी जाऊन बसायचं. तिथून खाली कोकण दिसतं आणि तिकडून वारा असा अंगावर येतो की पदर हातात धरून ठेवावा लागतो. आम्हा जैनांची जेवणं सूर्य मावळायच्या आत, म्हणून बाबूजी लांबूनच हाका मारायचे. त्या हाकेत माझं नाव असायचं.

मॅडम आली ती आहुप्याच्या देवराईवर पुस्तक लिहायला. उत्तर इंग्लंडातल्या कुठल्याशा डोंगराळ भागातली, लालबुंद गालांची, हसली की बरी दिसणारी बाई. सोबत पुण्याहून घेतलेला ड्रायव्हर, सामान उचलायला एक गडी आणि एक स्वयंपाकी. तिघांपैकी एकालाही तिचं बोलणं समजत नव्हतं. ती बोलायची, गावकरी हसायचे, गावकरी बोलायचे, ती हसायची. दोन दिवस असं हसण्यावर चालल्यावर बाबूजींनी काटा सोडून उठून सांगितलं, "आमची मुलगी इंग्रजी बोलते."

मग हंगामभर मी बोलले. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत दोन्हीकडचं सगळं माझ्याच तोंडातून जायचं. देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड का लावायची नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी का न्यायची नाही, देवाला कौल कसा लावतात, पूर्वी वाघ कुठवर यायचा. मॅडम विचारायची, मी मराठीत विचारायचे, उत्तर यायचं, मी ते इंग्रजीत सांगायचे, ती लिहून घ्यायची. शब्द अडला की दुसरा शोधायचा, तोही अडला की हातवारे करायचे. घसा सुकून जायचा. झोपेतसुद्धा कुणीतरी काहीतरी विचारतंय असं वाटायचं. आणि खरं सांगते, मी आयुष्यात इतकी खूश पुन्हा कधीच झाले नाही. दुखणं आहे ते हेच. वाईट हंगामाचा राग चार वर्षांत विझतो. हा हंगाम फार चांगला होता.

ती मला "लास" म्हणायची. तिच्या मुलखात तरुण मुलीला म्हणतात तसं. "कम अलाँग, लास." मला तो शब्द कॉलेजच्या कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता, म्हणून तो खास माझ्यासाठी आहे असं मला वाटलं. कुणी आपल्याला लाडाचं नाव ठेवलं की खरं नाव विचारायचं तो विसरलाय हे आपल्या लक्षातच येत नाही. गावातले लोकही मला नावाने कुठे हाक मारत होते म्हणा. "ये शेटची पोर, हिकडं यी," असंच सगळे म्हणायचे. त्याचा मला कधी राग आला नाही. तो का आला नाही याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. हौसाबाई मला पोरी म्हणायची, पण माझ्या लग्नाला ती आहुप्याहून एसटीने करवंदांची पाटी घेऊन आली तेव्हा मांडवात तिने थेट माझं नाव घेऊन विचारलं होतं, कुठं हाय ती? तिच्या "पोरी"च्या मागे माझं नाव होतं. मॅडमच्या "लास"च्या मागे काही नव्हतं.

शनिवारी मॅडम माणसांचे पैसे चुकते करायची. ड्रायव्हर, गडी, स्वयंपाकी, तिघांचे. पहिल्या शनिवारी तिने एक पाकीट माझ्यापुढेही धरलं. बाबूजी काट्यावरून उठले आणि हात जोडून मला म्हणाले, "सांग त्यांना, मुलीच्या हातात पैसे देऊ नका. तुम्ही आमच्या गावच्या पाहुण्या. पाहुण्याकडून पैसे घ्यायची आमच्यात रीत नाही." मी इंग्रजी करून सांगितलं. स्वतःची मजुरी स्वतःच्या तोंडाने नाकारून सांगितली आणि वर मला अभिमान वाटला. हिरड्याच्या वजनात मूठभराची घासाघीस करणारा माझा बाप पाहुण्यापुढे राजासारखा वागला, असं त्या दिवशी मला वाटलं होतं. मॅडमने पाकीट पर्समध्ये परत ठेवलं, आणि मला वाटतं त्याच वेळी तिने मलाही तिच्या हिशेबातून काढून टाकलं.

पैशांचं मला काही वाटलं नाही, कारण बाबूजींचं आणि माझं वेगळंच ठरलं होतं. मला पुण्याला जाऊन परदेशी भाषा शिकायची होती, दुभाषी व्हायचं होतं. आमचं घर एकत्र, शब्द चालायचा मोठ्या काकांचा, म्हणजे बाबूजींच्या भाईंचा, आणि काकांच्या मते मुलीला पुण्याला ठेवणं म्हणजे दुकान उघडं टाकून जेवायला जाणं. बाबूजी मला म्हणाले, "मॅडमचं पुस्तक येऊ दे. दुभाषी म्हणून तुझं नाव छापून आलेलं दाखवतो भाईंना. मग कोण अडवतंय बघू." तोवर काकांनी मुलं बघायचं थांबवलं. सगळा खेळ त्या एका छापलेल्या नावावर होता, आणि ते येणार यात मला तिळमात्र शंका नव्हती.

पुस्तक आलं तेव्हा हिरड्याचाच हंगाम होता. जाड, गुळगुळीत, वर देवराईचा फोटो. दुकान बंद करून सगळे ओसरीवर बसले. काकांचा मुलगा आभाराचं पान वाचायला लागला. ड्रायव्हरचं नाव होतं. गड्याचं होतं. स्वयंपाक्याचं तर आडनावासकट होतं. बाबूजींना "उदार व्यापारी" म्हटलं होतं. माझं नाव नव्हतं. मग आतली पानं उलटली. आत हौसाबाई घडाघडा बोलत होती, गावचा पुजारी बोलत होता, मॅडम त्यांना विचारत होती आणि ते थेट तिलाच उत्तर देत होते. एका ठिकाणी तर लिहिलं होतं, "हौसाबाईंना आणि मला भाषेची कधी गरजच पडली नाही." आणि अधूनमधून एक मुलगी चहा घेऊन येत होती. चहा ठेवायची आणि जायची. लास.

काका म्हणाले, "कुठंय नाव?" बाबूजींनी पुस्तक हातात घेतलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी पानं पुढे-मागे करत राहिले. "चहाच करायचा तर त्याला पुण्याला कशाला जायचं?" असं काका म्हणाले आणि उठले. ते दुष्ट नव्हते, त्यांनी समोर छापलेलं होतं तेवढंच वाचलं. बाबूजी बऱ्याच वेळाने चष्मा पुसत मला म्हणाले, "पैसे घ्यायला पाहिजे होते पोरी. चूक झाली." पुढच्या हंगामाच्या आत माझं लग्न झालं.

मी मॅडमला पत्र लिहिलं होतं. राग न दाखवता, चांगल्या इंग्रजीत. तिच्याकडून एक चित्राचं कार्ड आलं. तिच्या गावची टेकडी, मेंढरं, आणि मागे दोन ओळी. तुझा चहा अजून आठवतो, लास. सुखी राहा. ते कार्ड मी चुलीत घातलं. पुस्तक मात्र ठेवलं. राग टिकवायचा तर जवळ काहीतरी हवं.

सासर वाईट मिळालं असं नाही. हे भले आहेत, मुलं शहाणी निघाली, दुकानाच्या वरच्या खोलीत मी इंग्रजी बोलायचे वर्ग घेते आणि जुन्नरातली निम्मी पोरं मला टीचर म्हणतात. पण हिरड्याचं पोतं उसवलं की मी पुन्हा ओसरीवर बसलेली असते आणि बाबूजी पानं उलटत असतात. मनातल्या मनात मी मॅडमचा कितीदा तरी सूड घेतलाय. कधी ती वाट चुकून जुन्नरला येते, कुणाला तिची भाषा येत नाही, आणि मी समोर बसून चहा पिते. कधी मी तिचं पुस्तक भर बाजारात फाडते. एकदा तर हिरड्याचं चूर्ण करताना खलबत्त्यात तीच आहे असं समजून कुटलं, चूर्ण फार बारीक झालं. आमचे हे म्हणाले, यंदा छान वस्त्रगाळ केलंस.

आणि यंदा, ऐन पोती उतरायच्या दिवसांत, दुकानात तेरेझा आली.

पोर्तुगालची. माझ्याच वयाची, आखूड केस, सुती झोळी, उन्हाने नाक सोललेलं. त्या पुस्तकाची आता तिकडे पोर्तुगीज आवृत्ती निघणार, अनुवाद तिच्याकडे. अनुवादात एक शब्द अडला म्हणून स्वतःच्या पैशाने आहुप्यापर्यंत आलेली बाई. गावात तिने गाडीवाल्याकरवी पुस्तकातली चहाची मुलगी विचारली तर कुणीतरी सांगितलं, ती व्हय, शेटची पोर, ती जुन्नरला दिली. माझ्या गल्ल्यासमोर उभी राहून तिने इंग्रजीत विचारलं, "ती लास तूच का?"

मी म्हणाले, "माझं नाव कांचन."

तिने झोळीतून पेन काढलं आणि ते लिहून घेतलं. मग स्पेलिंग बरोबर आहे का म्हणून मला दाखवलं. गिऱ्हाईक थांबलं होतं, त्याला हे साखर मोजत होते, आणि मला वेड्यासारखं रडू आलं. मी हिशेबाच्या निमित्ताने खाली वाकले.

कोकम सरबत पिता पिता तेरेझाने तिची अडचण सांगितली. लाससाठी तिच्या भाषेत एक शब्द नाही, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक शब्द त्या मुलीबद्दल काहीतरी ठरवून टाकतो. मेनिना म्हणजे घरातली लाडकी छोटी मुलगी. मोसा म्हणजे जरा मोठी, कामाला आलेली. रापारीगा साधा शब्द, पण ब्राझीलमध्ये तो वाईट समजतात. क्रिआदा म्हणजे सरळ मोलकरीण. तिच्या आजीच्या डोंगरातल्या गावात तरण्या पोरीला काशोपा म्हणत, तो तिला सगळ्यांत आवडला होता, पहाडातल्या शब्दाला पहाडातला शब्द. "पण तू तिथे नक्की कोण होतीस ते मला कळत नाही," ती म्हणाली. "मोलकरीण म्हणावं तर तुझे वडील व्यापारी. लहान मुलगी म्हणावं तर मॅडम म्हणते तू तिच्याबरोबर देवराईत दिवसभर असायचीस. चहा आणणारी मुलगी दिवसभर देवराईत काय करत होती?"

इतक्या वर्षांत पुस्तक वाचून हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. एका शब्दाला जोडीचा शब्द शोधताना तिला तो पडला. मी म्हणाले, "बोलत होते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गाडी करून आहुप्याला गेलो. लग्नानंतर मी वर गेलेच नव्हते. रस्ता डांबरी झालाय, घरांवर पत्रे आलेत, पण कातळावर हिरडा तसाच पसरलेला. हौसाबाई अजून आहे. कंबरेत वाकलेली, डोळ्यांना कमी दिसतं, तोंड मात्र पूर्वीचंच. हात चाचपून म्हणाली, "कांचन का? लई वाळलीस. शेट कसं हायेत?" बाबूजी जाऊन बरीच वर्षं झाली, हे तिला सांगावं लागलं. "मानूस ग्वाड व्हता. वजनात कडू, पर मानूस ग्वाड," म्हणाली.

तेरेझाने मोबाइल मधे ठेवला, त्यात बोलणं टिपलं जात होतं. विचारणारी ती, सांगणारी हौसाबाई, आणि मधे पुन्हा मी. विषय मीच. माझीच साक्ष मीच इंग्रजीत करून सांगायची होती, आणि पाहिजे ते घालायला मला कोण अडवणार होतं? पण एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. बदल्याचं काम चोख व्हायला पाहिजे.

"मडमसंगं कोन बोलायचं?" मी विचारलं.

"आता कोन म्हंजी? तूच की. दोघींचं तू येकलीच बोलायचीस. ती मडम निस्ती मान हालवायची. मला वाटायचं, हिच्या तोंडाला कळ कशी येत न्हाई."

मग तेरेझाने पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर छापलेलं वाक्य वाचून दाखवलं. पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं वाक्य, हौसाबाईच्या नावावर छापलेलं. सावली आमची, झाड देवाचं. मी ते मराठीत सांगितल्यावर हौसाबाईने कान पुढे केला.

"मी म्हनले आसं? कवा?"

"देवराईत. मडमने विचारलं, हे रान तुमचं कोण लागतं."

हौसाबाई हसायला लागली. "आगं, मी म्हनले आसंन, हिला म्हनावं डोक्यावर टावेल तरी घी. ऊन लागून पडली तर झोळी करून आमालाच खाली न्यावी लागंल. ह्ये सावली-बिवली तुजं आसंल. तुला लई सुचायचं."

माझंच होतं. मॅडम पेन उघडून वाट बघत होती, आणि टॉवेलचं सांगितलं तर तिला वाईट वाटेल, गावाची शोभा जाईल, म्हणून त्या क्षणी जे सुचलं ते मी सांगितलं. खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. देवराईत काटकी न उचलणारी माणसं बोलली असती तर असंच काहीतरी बोलली असती. पण वाक्य माझं. जगभर लोकांनी वहीत उतरवून घेतलेलं आणि मॅडमला डोक्यावर बसवणारं ते वाक्य एका चहावाल्या पोरीचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो इंग्लंडातही निघतो. परतताना गाडीत तेरेझा टिपलेलं बोलणं पुन्हा ऐकत होती. मी मात्र घाट उतरेपर्यंत हसत होते, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

तेरेझा सरळ बाई. तिने त्याच दिवशी मॅडमला मेल लिहिला. मुलगी सापडली, दुभाषी तीच होती, गावातल्या बाईची साक्ष आहे, नव्या आवृत्तीत नाव घालायला परवानगी द्यावी. मॅडम आता म्हातारी आहे, पण मेल वाचते. तीन दिवसांनी उत्तर आलं आणि तेरेझाने मोबाइल माझ्यापुढे धरला.

मॅडमने लिहिलं होतं: दुभाषी कुणी असल्याचं मला आठवत नाही. आम्ही एकमेकांना मनाने समजत होतो. चहा छान करणारी एक गोड लास होती, तिला माझं प्रेम सांगा. मजकुरात बदल नको. आणि लास हा आमच्याकडचा जिव्हाळ्याचा शब्द आहे, त्याला धक्का लावू नये.

मी ते दोनदा वाचलं. आजवर मला कुठेतरी वाटत होतं की ती विसरली असेल, कुणी आठवण दिली तर लाजेल. आता आठवण दिली होती आणि ती लाजली नव्हती. आमचे हे दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ही बाई काही बरी नाही." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या बाजूने रागावले.

तेरेझा म्हणाली, "मजकूर तिचा. करारच तसा आहे, मला हात लावता येत नाही. शब्द तेवढा मी निवडू शकते. सांग, कुठला घालू? काशोपा घालू?"

मी सगळे शब्द पुन्हा एकदा मनात फिरवले. मेनिना, मोसा, काशोपा. सगळे गोड होते, वाचणारा एकाही शब्दाशी अडखळला नसता. पोर्तुगालमधला कुणीतरी खुर्चीत बसून वाचेल, काशोपा चहा ठेवेल आणि जाईल.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं. "लासला धक्का लावू नये ना? मग नको लावूस. करूच नकोस अनुवाद. लासच ठेव."

"मग वाचणाऱ्याला अर्थ कसा कळणार? परका शब्द ठेवला तर खाली टीप द्यावी लागते."

"टीप कुणाची असते?"

"अनुवादकाची," तेरेझा सावकाश म्हणाली. "मजकूर तिचा. टीप माझी. त्याला तिची परवानगी लागत नाही."

ती संध्याकाळ आम्ही टीप लिहिण्यात घालवली. पहिल्या टिपेत मी जे जे सांगितलं ते तेरेझाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, टिपेत शिव्या चालत नाहीत. दुसरीत मी मॅडमला चोर म्हटलं, तेही खोडलं. प्रत्येक पानावर टीप दे म्हटलं, तर म्हणाली, शब्द पहिल्यांदा येतो तिथेच द्यायची पद्धत आहे. पण त्या सावलीच्या वाक्यावरही एक खूण करून त्याच टिपेकडे बोट दाखवता येईल, हे तिचं तिलाच सुचलं. शेवटी राहिलं ते असं. लास: उत्तर इंग्लंडात तरुण मुलीला म्हणतात. या पुस्तकातली लास म्हणजे घोडेगावची कांचन. लेखिका आणि गावकरी यांच्यातलं सगळं बोलणं त्या हंगामात तिने केलं. गावकऱ्यांच्या तोंडची इथली इंग्रजी वाक्यं तिची आहेत.

तेरेझाने ते तिच्या भाषेत वाचून दाखवलं. मला एक अक्षर समजलं नाही, नाव तेवढं समजलं. टीप प्रकाशकाकडे गेली, तिथून पसंत होऊन आली, परवा छपाईलाही गेली. पुस्तक श्रावणात येईल. मॅडमला एक प्रत जाईलच, आणि पोर्तुगीज वाचून दाखवायला तिला कुणीतरी शोधावं लागेल.

श्रावण सरता सरता आमचं पर्युषण. त्याच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. सासू सुनेची, व्यापारी गिऱ्हाइकाची, भांडलेले भाऊ एकमेकांची. मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं, म्हणजे माझ्या हातून तुमचं जे वाईट झालं ते निष्फळ होवो. दरवर्षी मी सगळ्यांना म्हणते, हल्ली मोबाइलवरूनही पाठवते. मॅडमला कधी पाठवलं नाही. महाराजसाहेब व्याख्यानात सांगतात, मनात एकाबद्दलही वैर ठेवून मागितलेली क्षमा क्षमा नव्हे. मी खाली मान घालून ऐकते. पण माझी अडचण खरी होती. क्षमा मागायला आधी काही केलेलं असावं लागतं. मी त्या बाईला पोटभर बोलू दिलं, चहा पाजला आणि तिने माझं आयुष्य वळवलं तरी चांगल्या इंग्रजीत पत्र लिहिलं. क्षमा मागण्याजोगं माझ्या हातून काहीच घडलेलं नव्हतं.

आता घडलंय. यंदा तिला मिच्छामि दुक्कडम् पाठवायचं आहे, पुस्तक तिच्या हातात पडल्यावर. खाली माझं नाव असेल.